बावखलातलं बटण

भाड्याच्या घरासाठी आम्ही नवराबायको वसईत फिरत होतो, तेव्हा घरमालकांच्या अटी ऐकून ऐकून माझे कान किटले होते. कुणाला मासळी चालत नव्हती, कुणाला पाहुणे, कुणाला आमची अजून न झालेली मुलं. शेवटी होळी गावच्या बाजारापुढे, केळीच्या वाडीत, एका कौलारू घराचा वरचा मजला मिळाला. मालकांची अट एकच होती आणि ती त्यांनी आम्हाला दारातच उभं ठेवून सांगितली.

"दुपारी एक ते तीन मी वाजवनार. त्यावर बोलायचं नाय. बाकी तुमी काय शिजवता, कोन येते, कोन जाते, मला काय करायचं नाय."

मालकांच्या गळ्यात क्रूस होता, म्हणून मी व्हायोलिन धरून चालले. नवरा म्हणाला, दुपारचं असेल काहीतरी हळू आवाजातलं. तो वालीवला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, त्याचं काय जात होतं. माझी शाळा मात्र सकाळची. पहिल्याच दिवशी एक वाजता घरी आले, ताट वाढून घेतलं आणि खालून पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटावा तसा आवाज झाला. आमटीची वाटी थरथरत ताटाच्या कडेला गेली. खिडकीतून वाकून पाहिलं तर मालक ओट्यावर एका लाकडी पाटावर अनवाणी उभे. गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार, पिकलेले लांब केस केळीच्या सोपटाच्या दोरीनं मागे बांधलेले, डोळे मिटलेले. समोर केळी. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

मी साताऱ्याकडची. रॉक हा शब्द मी फक्त वर्तमानपत्रात वाचला होता आणि तोही नाकं मुरडणाऱ्या लेखात. तीन वाजता सगळं थांबलं तेव्हा भांडायच्या तयारीनं जिना उतरले. मालक गिटार पुसत होते.

"अंकल, हा आवाज जरा बारीक नाही का होणार?"

"नाय होनार," ते शांतपणे म्हणाले. "बटन नाय."

आणि खरंच नव्हतं. गिटार ज्याला जोडली होती त्या लाकडी खोक्यावर, म्हणजे त्यांच्या अँप्लिफायरवर, आवाजाच्या बटणाच्या जागी नुसती एक उघडी दांडी होती. गिटारवरही आवाजाचं बटण असतं हे मला पुढे कळलं. ते पूर्ण उघडून त्यावर त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती. खोक्याचं बटण त्यांनी कैक वर्षांपूर्वी उपटून वाडीतल्या बावखलात टाकलं होतं. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पाऊस साठतो, विहिरींना पाझर देतो. त्याच्या तळाच्या चिखलात ते बटण कुठेतरी होतं.

त्यामागची हकिकत त्यांनी मला त्याच दिवशी सांगितली, आणि पुढे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली. तरुणपणी ते मुंबईतल्या एका इंग्रजी बँडमध्ये होते. कॉलेजांच्या मैदानांवर पोरं त्यांच्यासाठी वेडी व्हायची म्हणे. पण पोट भरायला हॉटेलात वाजवावं लागे, आणि तिथला मॅनेजर दर गाण्याला उठून येऊन यांच्या खोक्याचं बटण मागे फिरवायचा, कारण गिऱ्हाइकांना जेवताना बोलायचं असे. बँडमधले बाकीचे तिघं मान खाली घालून वाजवत राहायचे. वर त्यांना स्वतःची गाणी नको होती. परदेशातल्या कुणाचं तरी एक गाणं त्यांनी उचललं होतं, त्यावर टाळ्या पडायच्या, तेच दर वेळी. यांनी स्वतःच्या वाडीच्या बोलीत गाणी केली होती. ती ऐकून तिघं हसले. मग यांनी गिटार आणि खोका उचलला आणि थेट वसई गाठली.

"आपला आवाज आपन बारीक करायचा नाय, मास्तरीन," ते म्हणाले. मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून मी मास्तरीन झाले होते. "दुसऱ्याला करायचा असल तर त्याला उठून येवदे. तेवडी तरी त्याला मेहनत पडवदे."

या वाक्यावर त्यांनी सबंध आयुष्य काढलं. चर्चमधल्या फादरनी त्यांना गायनमंडळात वाजवायला बोलावलं, तर म्हणाले, वाजवतो, पण चाल माझी. फादर विचारात पडले आणि पडलेलेच राहिले. इकडे लग्नाच्या दिवसांत गिटार येणाऱ्या माणसाला मरण नाही. दर आठवड्याला रिसेप्शन, बँड, नाच, जेवण. यांना सुरुवातीला पुष्कळ बोलावणी आली. एकाही लग्नात गेले नाहीत असं नाही, एका लग्नात गेले. तिथे नवरानवरीच्या पहिल्या नाचाला यांनी स्वतःचं गाणं लावलं. ते नारळाच्या झाडावरून पडून मेलेल्या एका माणसाबद्दल होतं. म्हाताऱ्या जोडप्यांनी त्यावरही गिरक्या घेतल्या, ताल असला की ती लोकं नाचतात, पण नवरीच्या आईला कुणीतरी शब्द समजावून सांगितले आणि प्रकरण तिथेच संपलं.

"मी सोलो आर्टिस्ट हाय," असं ते कुणालाही सांगत. पोस्टमनलासुद्धा.

"सोलो म्हंजे घरात कोनी ऐकत नाय तो," त्यांची बायको आतून म्हणायची.

हिला सगळा गाव बाय म्हणे, मीही म्हणू लागले. वाडी बाय सांभाळायची, केळी, दुधी आणि मोगरा ती बाजारात न्यायची, आणि घर तिच्या टोपलीवर चालायचं. तिच्या टोपलीत केळ्यांच्या फण्यांशेजारी नवऱ्याच्या कॅसेटीही ठेवलेल्या असत. त्यांनी घरातच आवाज भरून, घरातच कॉप्या काढलेल्या. गिऱ्हाईक केळी घेई आणि बायच्या नजरेखातर एखादी कॅसेट. लोक त्यावर मग पोराचा वाढदिवस भरत. बायला हे माहीत होतं. "घेतात ना," म्हणायची, "मंग तेचं ते कायपन करूदे."

घरात पक्कड एकच होती आणि ती बायकडे. उघडी दांडी पकडीत धरून फिरवली असती तर आवाज बारीक झाला असता, हे एका दुपारी डोकं ठणकत असताना माझ्या लक्षात आलं. मी गुपचूप बायकडे पक्कड मागायला गेले. तिनं ती पदराआडच्या पिशवीतून काढून दाखवली आणि परत आत ठेवली.

"ही माज्याकडं कशाला हाय? मी फिरवत नाय म्हनून हाय," ती म्हणाली. "मी फिरवली तर मंग तो कोनाकडं बघेल?"

मी वर जाऊन कानात कापूस घातला. वर्षभरात कापूस गळला तो गळलाच. शाळेतून यायला उशीर झाला की मी भराभर चालायला लागले होते, आणि तसं का, हे स्वतःला विचारायची मला हिंमत होत नव्हती.

पाटाचं मात्र सांगायला हवं. त्या खोक्यात काहीतरी बिघाड होता आणि वाजवणाऱ्याला विजेचा चटका बसायचा. ओल्या ओट्यावर अनवाणी तर फारच. दुरुस्त करायला दिला तर दुरुस्त करणारा नवीन बटणही बसवील, या भीतीनं त्यांनी तो कधी दिला नाही. त्यापेक्षा पाटावर उभं राहणं त्यांना सोपं वाटलं.

आता बायचे भाऊ. त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. शेजारची वाडी त्यांची, मधे फक्त शेवग्यांचं कुंपण. दादा उंचेपुरे, रोज इस्त्रीचा शर्ट, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात टोस्ट त्यांचाच. ख्रिस्ती लग्नात एका वेळी बँड थांबतो, एक बडा माणूस माईक घेतो, नवरानवरीबद्दल चार शब्द बोलतो, आणि मग सगळे उभे राहून ग्लास उचलतात. ते चार शब्द दादांइतके सुरेख कुणी बोलत नसे. बँड थांबला आणि माणसं उभी दिसली की दादांचा हात आपोआप कोटाच्या बटणाकडे जाई.

मालक आणि दादा एकमेकांशी बोलत नसत. कारण पाणी. नालासोपाऱ्याला भराभर इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं, तेव्हा टँकरवाले वाड्यांमधून विहिरी शोधत फिरायचे. दादांनी विहीर दिली. रोज दुपारी टँकर येई, दादांचा पंप सुरू होई, आणि मालकांच्या विहिरीचं पाणी दिसेलसं खाली जाई, कारण जमिनीखाली शेवग्याचं कुंपण नसतं. मालकांनी एकदा तोंडानं सांगून पाहिलं. दादा म्हणाले, विहीर माझी. त्यावर मालक घरी आले आणि त्यांनी टँकरवर गाणं केलं.

ते त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं होतं. एवढं मला रॉकमधलं कळायला लागलं होतं. टँकरच्या इंजिनासारखी सुरुवातीची घरघर, मग एकदम उसळी, आणि शब्द असे की दादांच्या सात पिढ्या उकरून काढलेल्या. पण गाणं कधी पुरं व्हायचं नाही. टँकर दारात आल्याशिवाय मालक ते सुरू करत नसत, तोंडावर बोलायचं ते तोंडावरच, असं त्यांचं. आणि गाणं सुरू झालं की दादा पंप सुरू करीत. पंप लागला की वाडीतली वीज बसायची, आमचे दिवे मिणमिणायचे, आणि तो खोका म्हशीसारखा हंबरून गप्प व्हायचा. नेमका मध्यावर. मालक गिटार काढून ठेवत. पुढचं नुसतं तोंडानं म्हणून दाखवा असं मी एकदा म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही घाण बोलले.

"बारीक आवाजात नाय," ते म्हणाले.

म्हणजे त्या गाण्याच्या पुढच्या भागात काय आहे ते ना मला माहीत, ना गावाला, ना दादांना. बायला होतं की नाही, तिनं सांगितलं नाही.

तर एका रविवारी मोटारसायकलवरून दोन पोरं आली. मुंबईत एका कॉलेजच्या मैदानावर मोठा रॉक महोत्सव होता, त्याचे आयोजक. जुन्या बँडचं नाव त्यांनी बापांकडून ऐकलं होतं, बाकीचे तिघं कुठे आखाती देशांत, कुठे जाहिरातींत विरघळले होते, हाती हे एकटे लागले. पोरांनी आदरानं पाया पडल्यासारखं केलं आणि त्या जुन्या इंग्रजी गाण्याचं नाव घेतलं. लोक त्याच्यासाठीच येतील, म्हणाले.

"ते मी वाजवनार नाय," मालक म्हणाले. "माजी गानी हायत. ती वाजवीन."

पोरं एकमेकांकडे बघून हसली. मोठी माणसं आधी असं म्हणतातच, असं त्यांना वाटलं असावं. "अंकल, एक तुमचं वाजवा, मग ते वाजवा," असं ठरवून ती निघून गेली. ठरवलं त्यांनीच.

त्यानंतर पंधरवडाभर मालकांनी दुपारचं वाजवणं सोडून दुसरं काही केलं नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना चहा द्यायला गेले, तेव्हा ते बावखलाच्या काठावर बसले होते.

"मास्तरीन," ते म्हणाले, "आजपावेतो माजं गानं कोनी उभं ऱ्हावून ऐकलं नाय. हसले, नायतर जेवले. टँकरचं गानं एकदा पुरं वाजवायचं हाय, लोकांसमोर, फुल आवाजात. एकदाच. मंग परत बोलवू नका, काय बोलनं नाय."

मी चहा घ्या, गार होतोय, असं काहीतरी बोलले.

महोत्सवाला सगळी वाडी गेली. बायनं हुकूमच काढला होता, घरातलं कार्य आहे, सगळ्यांनी यायचं. भाजीचा टेम्पो धुतला, त्यात खोका, गिटार, पाट आणि माणसं बसली. गावातल्या लोकांनी वाजणारा बँड फक्त लग्नात पाहिलेला, म्हणून ती लग्नाला जावं तशीच निघाली. बायका ठेवणीतल्या साड्या आणि सोन्यात, पुरुष सुटात. फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोल पावांचा, मोठा डबा. आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, इस्त्रीच्या कोटात दादा. बहिणीचा शब्द मोडता येत नव्हता. मालक मागे पाटावर बसले होते. सबंध रस्ता दोघं एकमेकांकडे पाठ करून गेले.

मैदानात शिरलो आणि मी बायचा हात धरला. काळे टी-शर्ट घातलेली पोरं, पोरीही, नजर पोचेल तिथपर्यंत. उन्हात धुरळा उडत होता. स्टेजच्या दोन बाजूंना स्पीकरच्या भिंती, आणि त्यातला आवाज कानांना नव्हे, छातीला लागत होता. समोरची पोरं कमरेतून वाकून डोकी गरागरा झटकत होती.

"ह्याना काय झालं?" बायनं विचारलं.

"आवडलंय त्यांना."

"मंग ठीक," बाय म्हणाली आणि तिनं डबा उघडला. घामानं निथळणारी एक केसाळ टोळी नालासोपाऱ्याहून आली होती. आम्ही वसईचे म्हटल्यावर ती आमच्याच भोवती उभी राहिली आणि फुगे खात राहिली. त्यातल्या एकाकडे खिशातला टेपरेकॉर्डर होता, दिवसभराचं तो भरून घेत होता. दोन बँडांच्या मधे एक पोरगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काकी, पुढे या, इथून छातीत येत नाही." मी काकी वगैरे नव्हते अजून, पण गेले. साताऱ्याला कळलं असतं तर आईनं बोलणं टाकलं असतं. मला मात्र तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की आमचे मालक रोज दुपारी केळींपुढे डोळे मिटून नक्की काय बघत असतील.

मग त्यांचं नाव पुकारलं, तशी मी परत बायच्या खुर्चीजवळ आले. जुन्या बँडचं नाव आधी, त्यांचं नंतर. ते एका काखेत पाट घेऊन आले. निवेदकानं विचारलं, पूजा आहे का. त्यांनी पाट ठेवला, चपला काढल्या, वर उभे राहिले. स्टेजवरच्या माणसांनी त्यांच्या खोक्यासमोर माईक लावला, कारण असल्या मैदानात तो खोका डब्यातल्या वाटाण्याएवढा. त्यांनी पहिलं गाणं वाजवलं, नारळाच्या झाडावरून पडलेल्या माणसाचं. थोड्या टाळ्या झाल्या. आणि लगेच मागून ओरडा सुरू झाला, त्या जुन्या इंग्रजी गाण्याच्या नावाचा. आधी काही पोरं, मग सगळं मैदान.

मालकांनी थांबून ऐकून घेतलं. मग माईकमध्ये म्हणाले, "ते गानं माजं नाय. ज्याचं हाय तेला बोलवा." आणि टँकरची घरघर सुरू केली.

हुर्यो उठली. एक प्लॅस्टिकची बाटली स्टेजवर आली. आयोजकांपैकी एकानं कडेवरून हातवारे केले, ते, ते वाजवा. मालकांचे डोळे मिटलेले. मग त्या मोठ्या भिंती एकदम गप्प झाल्या. आयोजकांनी आवाज तोडला होता. मैदानात नुसता तो खोका उरला आणि मालकांचा उघडा गळा. पण खोका वाजतच होता. तेव्हा तो आयोजक पोरगा उठला, सबंध स्टेज ओलांडून आला, खोक्याशी वाकला आणि बटण शोधू लागला.

मी हसले. अशा वेळी हसू नये, पण मला आवरेना. त्या पोरानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बोटांनी दांडी फिरवून पाहिली, घट्ट. तो खाली बघून ओरडला, कुणाकडे पक्कड आहे का. माझ्या शेजारी बाय पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. तिनं पर्सची चेन लावली आणि समोर बघत राहिली.

शेवटी त्यानं प्लग उपटला.

गाणं नेमकं मध्यावर आलं होतं. वाडीत रोज थांबायचं तिथेच. मालकांनी डोळे उघडले. गिटारवरचा हात तसाच राहिला. घरी ते अशा वेळी गिटार काढून ठेवत, तिथे त्यांनी काढली नाही, पण हे किती वेळ चालणार होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी जन्मभर एकच मागितलं होतं आणि तेही असं सगळ्यांदेखत हिसकून घेतलं, याचा मला एवढा संताप आला की मी चप्पल काढून हातात घेतली होती, हे मला बायनं नंतर सांगितलं.

तेवढ्यात दादा स्टेजवर दिसले. बँड थांबला होता. समोर माणसं उभी होती. कोटाचं बटण लावत ते सरळ पायऱ्या चढले आणि निवेदकाच्या हातातून त्यांनी माईक घेतला. एवढ्या रुबाबात घेतला की निवेदकानं तो दिला.

"लेडीज अँड जेंटलमेन," दादा म्हणाले. तो माईक चालू होता. मैदानभर त्यांचा लग्नातला आवाज पसरला. पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, ती शांत झाली.

"हा मानूस माज्या बहिनीचा नवरा. मी ह्याच्याशी बोलत नाय. हा माज्याशी बोलत नाय. हे जे गानं तुमी बंद केलं ते माज्यावर केलेलं हाय. मला त्यात शिव्या हायत." पोरं हसली. दादा हसले नाहीत. "रोज दुपारी मी ते माज्या वाडीतून ऐकतो. अर्धं ऐकतो. मंग माजा पंप लागतो. पुढं हा काय बोलतो ते मला आजपर्यंत कळलं नाय. माज्यावर केलेलं गानं हाय आनि मलाच म्हाईत नाय. म्हनून मी आज कोट घालून हितं आलो. ते पुरं झाल्याबिगर मी हितून उतरनार नाय. ग्लास उचला."

ग्लास कुणाकडे होते. पण मैदानभर हात वर गेले, पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, कुणाचे नुसतेच हात. आमच्या नालासोपाऱ्याच्या टोळीनं फुगे वर धरले. दादा वाकले. ज्या माणसानं इतकी वर्षं त्या खोक्याची वीज ओढून घेतली त्यानं प्लग हातात घेतला आणि परत खोचला. मग निवेदकाचा माईक मालकांच्या तोंडापुढे धरून तो शेजारी उभा राहिला.

मालकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. पाटावर पाय नीट केले आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. सगळ्या शिव्यांसकट. दादांनी एकेक शिवी माईक हलू न देता ऐकली. आणि मग मध्य आला, आणि गेला, आणि आम्ही कुणीही कधी न ऐकलेला भाग सुरू झाला. त्यात होतं ते एवढंच, की तुझी विहीर एक दिवस खारी होईल. हांडा घेऊन तू माझ्या दारात येशील. पाणी मी देईन, नाही म्हणणार नाही. पण त्याआधी तुला हे गाणं ऐकावं लागेल. पुरं ऐक, पुरं ऐक, मग ने पानी. शेवटचं "पुरं ऐक" मैदान म्हणू लागलं होतं. शब्द कळले नसतील निम्म्यांना. उभं राहून ऐकलं, एवढं खरं. बाय तोंडात पदर धरून रडत होती आणि मीही.

पुढच्या गाण्याला त्यांना वेळ दिला नाही. तो आयोजक पोरगा लाल होऊन म्हणाला, अंकल, परत तुम्हाला कोण बोलावणार. मालक पाट काखेत घेत म्हणाले, "नका बोलावू." त्यांना कुणीच परत बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. गाणं सुरू झालं. दादांनी पंप लावला. खोका हंबरून गप्प झाला. माझा नवरा त्या दिवशी घरी होता, तो म्हणाला, मग काल काय झालं ते? मी म्हटलं, काल ऐकून झालं ना. दादा आणि मालक त्यानंतरही कधी बोलले नाहीत.

उपसून उपसून दादांची विहीर खारी व्हायला फार वर्षं लागली नाहीत. मालकांची बावखलाच्या पाझरावर गोडी राहिली. टँकरवाला दुसरी वाडी शोधत गेला. एका सकाळी दादा स्वतः हांडा घेऊन कुंपणाच्या फटीतून आले आणि ओट्यावर बसले. मालकांनी पाट मांडला, खोका लावला, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. मग दादांनी पाणी काढलं आणि ते गेले. हे रोज चाले. दादांनी कधी नळ यायची वाट बघू असं म्हटलं नाही, आणि मालकांनी कधी आज राहू दे असं म्हटलं नाही.

आम्ही पुढे नालासोपाऱ्याला फ्लॅट घेतला, जमला तिथे. वास्तुशांतीला मालक आले ते स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन. मी दिलेलं पाणी त्यांनी हात जोडून परत केलं. "कोनाची विहीर हाय ते म्हाईत नाय," म्हणाले. मला राग आला, आणि मी तो गिळला, कारण त्यांचं बरोबर होतं. नंतरच्या वर्षांत वाडीवर बिल्डरांचे फार डोळे होते. त्यांनाही त्यांनी ओट्यावर बसवून गाणं ऐकवलं म्हणतात. वाडी आजही आहे.

ते गेले तेव्हा दादांनी कबरीपाशी चार शब्द बोलायचं नाकारलं. माझं त्याच्याशी बोलणं नव्हतं, म्हणाले, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत टोपी हातात घेऊन उभे राहिले. महिन्यानं बायनं टेम्पोतून खोका माझ्याकडे पाठवला. मी तिला फोन करून विचारलं, पक्कडही द्यायची होती ना. ती म्हणाली, "तुला कशाला पायजे?"

आमच्या सोसायटीला अजून टँकर येतो. मैदानातल्या त्या पोरानं भरून घेतलेली कॅसेट पुढे माझ्या हाती आली. हुर्यो, शांतता, दादांचा टोस्ट, सगळं तीत आहे. सकाळी टँकरचा पाइप टाकीत पडला की मी टेपरेकॉर्डर खोक्याला जोडून ती लावते. पाणी मीही त्याच टाकीतलं पिते, तरी लावते. परवा लिफ्ट बंद होती. सेक्रेटरी चार मजले चढून आले आणि धापा टाकत दारात उभे राहिले. मी त्यांना खुर्ची दिली. गाणं मध्याच्या पुढे गेलं होतं.

"मॅडम, आवाज बारीक करा. बटण कुठंय याचं?"

"बावखलात," मी म्हटलं. "बसा, पुरं ऐका. मग पाणी देते."